हेमंतातील वल्हे : व्यायाम की साहस?

हेमंत ऋतू लागला की ‘आता व्यायाम सुरू करा’ हा सल्ला आपल्या दवाखान्यांतून वर्षातील इतर कोणत्याही काळापेक्षा अधिक वेळा दिला जातो. तो शास्त्राला धरूनच आहे. विसर्गकालाचा शेवट आणि आदानकालाचा आरंभ, म्हणजेच हेमंत आणि शिशिर, हा शरीरबलाच्या दृष्टीने वर्षातील सर्वोत्तम काळ होय. अग्नी प्रदीप्त असतो, रात्री मोठ्या असतात आणि गुरू, स्निग्ध आहारही सहज पचतो. तथापि व्यायाम या एकाच शब्दाखाली आपण परस्परांहून अगदी भिन्न अशा क्रिया एकत्र करतो आणि तेथेच सल्ला चुकण्याचा संभव निर्माण होतो. प्रस्तुत लेखात वल्हवणे ही एकच क्रिया घेऊन या भेदाचा विचार केला आहे.

हा विषय कोकणातील वैद्यांचा, यवतमाळच्या वैद्यांना त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपला जिल्हा अरबी समुद्रापासून पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. आपल्याकडील पाणी तर त्या समुद्राकडे जातही नाही. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला मिळते. असे असले तरी वल्हे आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. पैनगंगेवरील इसापूर, अरुणावती, पूस आणि बेंबळा या प्रकल्पांच्या जलाशयांवर मासेमारी चालते. ती करणारा भोई-ढिवर समाज आपल्याच दवाखान्यांत येतो. शिवाय अलीकडे शहरांतील व्यायामशाळांत ‘रोइंग मशीन’ आले आहे. त्यामुळे ज्याने कधी नाव पाहिली नाही असा तरुणही आज वल्हवतो आहे. समुद्रावरील वल्हेकऱ्याचा अभ्यास या दोघांच्या चिकित्सेला उपयोगी पडतो, म्हणून प्रथम समुद्राकडे वळू.

किनाऱ्यावरील हिवाळी पहाट

कोकणात पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेनंतर हंगाम खऱ्या अर्थाने भरात येतो. हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि समुद्र बहुधा शांत असतो. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाच्या काळात मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, असा मच्छीमारांचा दिनक्रमच या वाऱ्यांनी बांधून दिला होता. आता मोठ्या नौकांवर इंजिने आली. तरीही खाड्यांतून, किनाऱ्यालगत आणि उथळ पाण्यात लहान होडी आजही हाताच्या बळावर चालवली जाते.

वैद्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यातही समुद्राच्या पृष्ठभागावरील पाणी साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस असते. पहाटेच्या हवेपेक्षा ते पुष्कळदा उबदारच लागते. म्हणजे वल्हेकऱ्याला बाधणारे शैत्य मुख्यतः पाण्याचे नसून वाऱ्याचे आणि ओल्या वस्त्रांचे असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेला सदरा अंगावर आणि समोरून वारा, अशा स्थितीत घामाने तापलेले शरीर हात थांबताच झपाट्याने निवते. वल्हवताना थंडी वाजत नाही. ती वाजते जाळे ओढून झाल्यावर, विसाव्याच्या वेळी.

आपल्याकडील जलाशयांवर परिस्थिती याहून कठीण असते. येथे समुद्राची ऊब नाही. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही उतरतो. जाळी संध्याकाळी टाकायची आणि पहाटे काढायची ही रीत असल्याने दिवसातील सर्वांत थंड घटकेला मच्छीमार पाण्यावर असतो. कोठे डोंगा, कोठे लहान नाव, तर कोठे थर्माकोलचा तराफा, असे त्याचे साधन असते. तराफ्यावर बसणाऱ्याचे पाय आणि कंबर सतत ओली राहतात. तो कोऱ्या चहावर घरातून निघालेला असतो आणि त्याची भाकरी मासळी विकून झाल्यावरच होते.

हेमंताचे बल आणि हेमंताचा अपथ्य वारा

चरकसंहितेतील सूत्रस्थानाचा सहावा अध्याय आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. बाह्य शैत्याने कोंडलेला अग्नी हेमंतात बलवान होतो आणि गुरू द्रव्येही पचवू शकतो, हे त्यातील वचन आपण रुग्णांना आवर्जून सांगतो. त्याच ठिकाणी आलेले दुसरे वचन मात्र सांगायचे राहून जाते. अशा प्रबळ अग्नीला योग्य इंधन मिळाले नाही तर तो देहातील रसधातूचेच शोषण करतो आणि शीत गुणाचा वायू प्रकुपित होतो. म्हणजे हेमंताचे बल हे बिनशर्त वरदान नव्हे. पुरेसा स्निग्ध आहार ही त्याची अट आहे.

याच अध्यायात हेमंतातील वर्ज्य गोष्टी सांगितल्या आहेत. लघू व वातवर्धक अन्न, जोराचा वारा, अल्प आहार आणि पाण्यात कालवलेले सातू यांचा त्यांत समावेश होतो. पहाटे जलाशयावर असलेल्या मच्छीमाराची दिनचर्या या यादीशी ताडून पाहावी. वारा आहे, आहार अल्प आहे आणि जो आहे तोही बहुधा रूक्ष आहे. ऋतू बल देऊ पाहतो, परंतु ते बल टिकवणाऱ्या गोष्टी त्याच्या पदरात नाहीत. कफकाळी, उत्तम ऋतूत आणि मोकळ्या हवेत केलेला हा श्रम वरवर आदर्श व्यायामासारखा दिसतो; प्रत्यक्षात तो वातप्रकोपाचा पाया ठरू शकतो.

वल्हवण्यात शरीर काय करते?

वल्ह्याचा प्रत्येक फेरा चार भागांत पाहता येतो : पुढे झुकून वल्हे पाण्यात बुडवणे, जोराने ओढणे, ते पाण्याबाहेर काढणे आणि पुन्हा पुढे नेणे. शर्यतीच्या नौकेत बसण्याची पाटी चाकांवर सरकते. त्यामुळे गुडघे दुमडून पाय पसरताना मांड्यांचे मोठे स्नायू कामी येतात आणि एकूण बलाचा निम्म्याहून अधिक वाटा पायांचा असतो. मच्छीमाराच्या होडीत किंवा डोंग्यात अशी सरकती पाटी नाही. तेथे पाय केवळ टेकू देतात आणि सारा भार कटी, पृष्ठ, अंस आणि मणिबंध यांवर येतो. सरकत्या पाटीवरील खेळाडू आणि डोंग्यातील मच्छीमार यांची क्रिया दिसायला सारखी असली तरी व्याधीचे स्थान आणि तीव्रता वेगळी असते, ती यामुळे.

नौदलाच्या प्रशिक्षणातील आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेतील ‘व्हेलर’ ही नौका या दोहोंच्या मध्ये येते. सत्तावीस फूट लांबीच्या या नौकेत पाच वल्ही असतात आणि बैठक स्थिर असते. पाच जणांचा ताल जुळणे हे तेथील मुख्य कौशल्य. ताल चुकला की एकाच्या पाठीवर दुसऱ्याचा भार येतो.

क्रीडावैद्यकातील अनुभवानुसार वल्हेकऱ्यांत सर्वाधिक आढळणारी तक्रार कंबरदुखीची आहे. त्याखालोखाल खांदा, मणिबंधाच्या कंडरांची सूज, तळहातावरील फोड आणि घट्टे येतात. एक तक्रार मात्र वल्हेकऱ्यांच्या विशेष ओळखीची म्हणावी लागेल. ती म्हणजे बरगड्यांना पुनःपुन्हा पडणाऱ्या ताणाने येणारी सूक्ष्म चीर. आघात झालेला नसतो, पडणे-झडणे नसते. केवळ हजारो वेळा ओढलेल्या वल्ह्याने बरगडी तडकते. दीर्घ श्वास घेताना, खोकताना किंवा कुशीवर वळताना एका ठिकाणी तीक्ष्ण वेदना होते आणि बोटाने दाबल्यास तेच स्थान दुखते.

अर्धशक्तीचे माप

व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हे सुश्रुत आणि वाग्भट या दोघांचे मत आहे. सुश्रुताचार्य तो सर्व ऋतूंत नित्य करावा असे म्हणतात, तर वाग्भटाचार्य शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि इतर ऋतूंत त्याहून मंद करावा अशी मर्यादा घालतात. वाग्भटांच्या या विधानात एक पात्रताही आहे : व्यायाम करणारा बलवान आणि स्निग्ध भोजन करणारा असावा. वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेले यांना त्यांनी व्यायाम वर्ज्य सांगितला आहे.

अर्धी शक्ती मोजायची कशी? सुश्रुतांनी दिलेले लक्षण अत्यंत व्यवहार्य आहे. हृदयस्थानी असलेला वायू मुखापर्यंत येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की अर्धी शक्ती संपली असे जाणावे. कक्षा, ललाट, नासिका व सांधे या ठिकाणी घाम येणे आणि मुखशोष ही त्याची सोबतची लक्षणे. आजचे व्यायामशास्त्र याच्या अगदी जवळची कसोटी सांगते : मध्यम व्यायामात माणसाला बोलता यावे, परंतु गाता येऊ नये. होडीवरील गाण्यांकडे आणि ओढीच्या तालावरील आरोळ्यांकडे या दृष्टीने पाहावे. ज्यांच्या तोंडी गाणे टिकून आहे त्यांची शक्ती अजून शिल्लक आहे. गाणे थांबून केवळ धाप ऐकू येऊ लागली की मर्यादा ओलांडली गेली. रुग्णाला हृदयगतीचे गणित समजावण्यापेक्षा ही खूण समजावणे सोपे जाते.

शर्यतीचे वल्हवणे अर्धशक्तीचे नसते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दोन हजार मीटरांची शर्यत साधारण सहा ते सात मिनिटांत संपते आणि तेवढ्या वेळात दोनशेहून अधिक वेळा वल्हे पाण्यात पडते. तो पूर्ण शक्तीचा व्यय आहे. महाराष्ट्राचे नाव या खेळात जगभर नेणारे दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या गावचे. सैन्यात गेल्यावर त्यांनी वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्पर्धेत तेरावे स्थान मिळवले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रकृती ठीक नसताना एकेरीच्या अंतिम शर्यतीत ते शेवटी राहिले आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या संघात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. हा पराक्रम गौरवास्पदच आहे. परंतु त्यामागे वर्षानुवर्षांची क्रमाक्रमाने वाढवलेली तयारी, सैन्यातील पोषक आहार, प्रशिक्षक आणि वैद्यकीय देखरेख होती. अशा उदाहरणाने प्रेरित झालेला तरुण व्यायामशाळेत पहिल्याच आठवड्यात रोइंग मशीनवर पूर्ण शक्ती लावतो, तेव्हा त्याच्याजवळ या चारांपैकी काहीही नसते.

साहस आणि उरःक्षत

चरकांनी निदानस्थानात शोषाची चार कारणे सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. त्यांतील साहसाची उदाहरणे वाचताना वल्हेकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. दुर्बल असूनही बलवानाशी झुंजणे, अतिमोठे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, पाण्यात फार दूरवर पोहत जाणे अशी ती उदाहरणे आहेत. चिकित्सास्थानातील क्षतक्षीण अध्यायातही धनुष्य, भार आणि महानदी पोहून जाणे यांचा उरःक्षताच्या कारणांत निर्देश आहे. धनुष्य ओढणे, भार ओढणे आणि पाण्याशी झुंजणे या तिन्ही क्रिया वल्हवण्यात एकवटतात. बरगडीची आधुनिक सूक्ष्म चीर आणि आपला उरःक्षत हे एकच, असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. उरःक्षताची व्याप्ती फुप्फुस, रक्तष्ठीवन आणि धातुक्षय इथवर जाते. परंतु बाह्य आघाताविना केवळ अतिश्रमाने उरास क्षत होते, हे निरीक्षण आचार्यांनी नोंदवून ठेवले होते आणि रुग्णपरीक्षेत ते आजही वाट दाखवते.

अतिव्यायामाची लक्षणे आपणास मुखोद्गत आहेत : तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी. हिवाळ्यात कास घेऊन येणाऱ्या मच्छीमाराला आपण थंडीचा खोकला म्हणून औषध देतो. तो बहुधा तसाच असतो. परंतु दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला कास, वजन घटणे, संध्याकाळचा ज्वर किंवा थुंकीत रक्त यांपैकी काही आढळल्यास थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात करून घेण्यास विलंब लावू नये. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधोपचार विनामूल्य होतात. साहसातून शोष उद्भवतो हे ज्याने वाचले आहे, त्या वैद्याच्या हातून हा रुग्ण सुटता कामा नये. त्याचप्रमाणे श्रमाच्या वेळी छातीच्या मध्यभागी दाटणे, डाव्या बाहूत किंवा हनुवटीत वेदना आणि थंड घाम ही लक्षणे असतील तर लेपाचा किंवा तेलाचा विचारही न करता रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठवावे.

व्यायाम आणि श्रम यांतील भेद

चरकांच्या व्याख्येनुसार व्यायाम ही शरीराला स्थैर्य व बल देणारी आणि मात्रेने करावयाची चेष्टा होय. ती चेष्टा ‘इष्ट’ असावी, अशी फोड टीकापरंपरेत केली जाते. या एका शब्दात मोठा आशय आहे. पोटासाठी, दुसऱ्याच्या वेळेवर, थकल्यानंतरही थांबण्याची मुभा नसताना केलेली चेष्टा इष्ट नव्हे. व्यायाम करणारा अर्धी शक्ती संपताच हात थांबवू शकतो. जाळे पाण्यात असलेला मच्छीमार तसे करू शकत नाही.

म्हणून प्रत्येक वल्हेकऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. ‘दमल्यावर थांबता येते का?’ हा पहिला, आणि ‘निघण्यापूर्वी व आल्यावर काय खाता?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर ते वल्हवणे व्यायाम आहे आणि हेमंतात ते जरूर वाढवावे. दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील तर ते साहस आहे आणि तेथे स्नेह, अन्न व विश्रांती हेच प्रथम औषध होय.

हे दोन प्रश्न वल्ह्यापुरते मर्यादित नाहीत. हिवाळा हा आपल्या जिल्ह्यात कापूसवेचणीचा काळ. दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या आणि संध्याकाळी ओझे डोक्यावर घेणाऱ्या स्त्रीला, तिची साखर किंवा वजन पाहून ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगितले जाते. त्या सल्ल्यात तिच्या दिवसाचा विचार नसतो. तिच्या श्रमाला स्नेहाची आणि विश्रांतीची जोड देणे, हाच तिच्यापुरता व्यायामाचा विधी ठरतो.

चिकित्साव्यवहार

पहाटे पाण्यावर जाणाऱ्याने उपाशी पोटी निघू नये. पूर्ण भोजन करून लगेच वल्हे ओढणेही योग्य नाही. तीळ-गुळाचा लाडू, भाकरीबरोबर लोणी किंवा तेल-चटणी, अथवा गूळ घातलेले गरम दूध असा अल्प परंतु स्निग्ध आहार पुरेसा होतो. महागड्या अवलेहाची अपेक्षा धरू नये. तीळ, शेंगदाणे, उडीद आणि गूळ ही आपल्या जिल्ह्यातील घराघरांत परवडणारी बल्य द्रव्ये आहेत. मधुमेही रुग्णात गुळाचा विचार अर्थातच वेगळा करावा. थंडीत तहान कमी जाणवते, परंतु घाम आणि श्वास यांवाटे पाणी जातच असते. त्यामुळे सोबत कोमट पाणी ठेवून ते थोडे थोडे पीत राहावे.

निघण्यापूर्वी कटी, अंस व मणिबंध यांना कोमट तिळतेल चोळावे आणि डोके व कान बांधावेत. परतल्यावर प्रथम ओली वस्त्रे बदलावीत, शरीर पुसून कोरडे करावे आणि मग सुखावह मर्दन करावे. व्यायामोत्तर मर्दन वाग्भटांनीही सांगितले आहे. दमलेल्या, घामेजलेल्या शरीरावर एकदम थंड पाणी ओतू नये.

कटीशूलात अभ्यंग व स्वेदनाने आराम पडतो. जुनाट वातप्रधान अवस्थेत बस्तीचा विचार करावा. मात्र पायात बधिरता, दुर्बलता किंवा मूत्रप्रवृत्तीत बिघाड असेल तर प्रथम तज्ज्ञांचे मत घ्यावे. खांद्याच्या दुखण्यात अवबाहुकाची चिकित्सा उपयोगी पडते. नस्य, भोजनोत्तर स्नेहपान आणि माषतैलाचा अभ्यंग यांचा क्रम आपणास ठाऊक आहेच. मणिबंधाच्या सुजेत काही दिवस वल्हे खाली ठेवणे यासारखा उपाय नाही. ते शक्य नसेल तर निदान वल्ह्याची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. मूठ बारीक असली की पकड अधिक घट्ट धरावी लागते आणि कंडरांवर ताण वाढतो. बरगडीवरील स्थानिक वेदनेत जोराचे मर्दन करू नये. विश्रांती द्यावी, क्ष-किरण तपासणी करावी आणि पहिल्या चित्रात चीर न दिसली तरी संशय सोडू नये. सूक्ष्म चीर आरंभी पुष्कळदा दिसत नाही. क्षतक्षीणात सांगितलेली दुधाबरोबर लाक्षा आणि एलादि गुटिका यांची योजना अवस्था पाहून करता येते.

हातापायांच्या भेगांसाठी सिक्थ तैल हे स्वस्त आणि उत्तम औषध आहे. मधमाशांचे मेण आणि तिळतेल इतकीच त्याची सामग्री आहे. फोड आले असल्यास ते फोडू नयेत, स्वच्छ आवरण ठेवावे. पाण्यात काम करणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या पायाची भेग मात्र किरकोळ समजू नये.

औषधालयचालकांसाठी

हिवाळ्यात तेलांचा खप वाढतो आणि भेसळही वाढते. ज्या तेलाचा आधार तिळतेल आहे असे लेबल सांगते, ते तिळतेलाचेच असल्याची खात्री पुरवठादाराकडून करून घ्यावी. मच्छीमार आणि मजूर यांना मोठी बाटली परवडत नाही. लहान बाटलीत विश्वासार्ह तेल उपलब्ध ठेवले तर त्यांना घटक न छापलेल्या पुड्या आणि तेले घ्यावी लागणार नाहीत. सांधेदुखीवरील अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड झाली आहेत. त्यांनी वेदना शमते, परंतु रुग्ण दुखावलेल्या शरीराने पुन्हा पूर्ण शक्तीने वल्हे ओढू लागतो.

दुसरी बाब खेळाडूंची. जिल्ह्यातील अनेक तरुण विविध क्रीडाप्रकारांत राज्य व राष्ट्रीय पातळीवर उतरतात आणि उत्तेजकद्रव्य चाचणीला सामोरे जातात. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये संमत झाला आहे. कुपीलूतील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात प्रतिबंधित द्रव्य आहे. म्हणजे अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटी ही आपल्या दृष्टीने नित्याची औषधे खेळाडूला स्पर्धेच्या काळात अडचणीत आणू शकतात. अहिफेनयुक्त कल्प, विजयायुक्त कल्प आणि इफेड्रीन असलेली सोम वनस्पती यांबाबतही हीच दक्षता हवी. ‘आयुर्वेदिक आहे, चालेल’ हे उत्तर येथे चालत नाही. चाचणीत दोषी आढळल्यास अजाणतेपणाची सबब खेळाडूची शिक्षा क्वचितच पूर्ण टाळते. यांतील कुपीलू, अहिफेन आणि विजया ही द्रव्ये औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल ई (१) मध्येही आहेत आणि अशा कल्पांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. विक्रेत्याने ती सूचना वाचून ‘आपण स्पर्धेत खेळता का?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी एखाद्या तरुणाची अनेक वर्षांची मेहनत वाचू शकते.

समारोप

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरील वल्हवण्याच्या शर्यतीचा प्रथमच समावेश होत आहे. त्यानंतर समुद्रावरील वल्हवणे हा खेळ आपल्याकडेही अधिक परिचित होईल आणि त्यातून येणारे रुग्णही. त्या खेळाडूंना आणि व्यायामशाळेतील तरुणांना अर्धशक्तीची खूण शिकवणे हे आपले काम आहे. मात्र इसापूर किंवा बेंबळ्याच्या पाण्यावर पहाटे डोंगा ढकलणाऱ्याला अर्धी शक्ती राखण्याचे स्वातंत्र्य नाही. त्याच्या उरलेल्या अर्ध्या शक्तीची राखण त्याच्या ताटातील स्नेहाने, कोरड्या वस्त्राने आणि वैद्याच्या जागरूकतेनेच व्हावयाची आहे. या हेमंतात जलाशयांलगतच्या गावांतील वैद्यांनी आपल्या रुग्णांना वर सांगितलेले दोन प्रश्न नियमाने विचारावेत, उत्तरांची नोंद ठेवावी आणि ऋतूच्या अखेरीस ती संघटनेच्या बैठकीत मांडावी, अशी विनंती आहे.